पाठ शिवायच्या आधी

बाहुलीची पाठ मी शेवटी शिवते. डोकं, हातपाय, कपडे, केस, डोळे सगळं होऊन ती माणसासारखी दिसायला लागली, तरी पाठीला वीतभर फट उघडी असते आणि पोट रिकामं असतं. पोटाचा कापूस घरच्या माणसांनी वास घेऊन हो म्हटल्याशिवाय मी भरत नाही. लोकांना हे खूळ वाटतं. वाटू दे. त्या खुळासाठीच येतात माझ्याकडे, नाहीतर दुकानात बाहुल्यांना काय तोटा आहे.

माझ्या बाहुल्या गेलेल्या माणसांच्या असतात. घरचे कपडे आणून देतात, मी त्यातून हातभर उंचीचं माणूस करते. कपडे टेबलावर ठेवले की मी पहिल्यांदा विचारते, यांच्या हातचं काय चांगलं व्हायचं? माणसं बावचळतात. त्यांनी फोटो आणलेला असतो, चष्मा आणलेला असतो, रडायची तयारी करून आलेली असतात, आणि ही बाई स्वयंपाकाचं विचारते. पण एकदा सांगायला लागली की थांबत नाहीत. कोणाची आजी वाटाण्याचं सूप करायची. कोणाच्या बापाला फक्त ऑम्लेट यायचं, पण त्यावरून मुलं भांडायची. मी सगळं उलटसुलट विचारून घेते. आधी कांदा की आधी लसूण, झाकण ठेवायचं का, चमचा लाकडी की स्टीलचा. मग तो पदार्थ माझ्या स्वयंपाकघरात करते. शेगडीच्या वर भिंतीला हूक आहे, त्याला मलमलच्या पिशवीत कापूस टांगलेला असतो. खाली शिजतं तसा वर कापूस वास धरतो. तो खिडकीत वाळवायचा, परत टांगायचा, परत तोच पदार्थ करायचा. वास बसला की घरच्यांना बोलवायचं आणि पिशवी त्यांच्या नाकाशी धरायची. कोणी ढसाढसा रडतं, कोणी म्हणतं, मिरी कमी पडली. मिरी कमी तर मिरी कमी, मी परत करते. या कामात माझा एकच नियम आहे, सांगितलंय तसं करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही.

शिजलेलं सगळं सिस्टर खाते. सिस्टर म्हणजे वरच्या मजल्यावरची रिटायर झालेली नर्स. मेलेल्या लोकांच्या हातचं खाऊन माझं वजन वाढलं, असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगते. एखादी गोष्ट आवडली की पाककृती फोनवर टाकते आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटते. कुणाच्या तरी मावशीचा लोणच्यातला कोबी आता आमच्या गल्लीत घरोघरी होतो आणि त्या मावशीला इथं कुणी पाहिलेलंही नाही.

त्या दिवशी दार वाजलं तेव्हा मी एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या बाहुलीला मिशा लावत होते. तोंडात सुई होती. दार लोटून माझी मुलगी आत आली.

तशी आमची भेट होते. कधी रस्त्यात, कधी कुणाच्या लग्नात. ती नीट बोलते, गुडघे कसे आहेत विचारते, ओळखीच्या बाईशी बोलावं तसं. केमिस्टच्या दुकानात असते ती, गोळ्या मोजून देते, त्यामुळे बोलणंही मोजूनमापून. पण माझ्या या खोलीत ती कधी आली नव्हती. तिनं भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं, तिथं पाठ उघडी असलेल्या बाहुल्या भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या असतात. मग ती म्हणाली, "ऐक ना, एक काम होतं."

"बस," मी सुई काढून म्हटलं.

ती बसली नाही. हातातली कापडी पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "आई गेली."

मला समजायला जरा वेळ लागला. मी तर तिच्या समोर उभी होते.

म्हणजे नवी गेली. माझ्या नवऱ्याची दुसरी बायको. मी तिला मनात नवीच म्हणत आले. ती जुनी झाली, म्हातारी झाली, मेली, तरी नवीच. नवऱ्यानं मला घराबाहेर काढलं तेव्हा मुलीचे दुधाचे दात पडत होते. त्याच्याकडे नोकरी होती आणि तीन खोल्या होत्या, माझ्याकडे कापूस होता. मुलगी तिकडे राहिली आणि तिला भेटायला मला रविवार मिळाला. आता बाहुल्यांचा बाजार भरायचा रविवारीच, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाजारात बसले नाही तर आठवडाभर शेगडी पेटायची पंचाईत. मी त्याच्या हातापाया पडले, म्हटलं, रविवार सोडून कुठलाही वार दे. नाही म्हणाला. जमेल त्या रविवारी मी जायचे, पण जमायचं कमी. मग नवी आली. ऑफिसात टायपिंग करणारी, केस घट्ट बांधलेली, आवाज चढवून न बोलणारी बाई. मुलगी तिला आई म्हणायला लागली, आणि मला काही म्हणणं तिनं बंद केलं. तेव्हापासून मी "ऐक ना" आहे.

"तू सगळ्यांत चांगल्या करतेस असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठं जाणार."

पिशवीत एक करडा ऑफिसचा कोट होता, निळा स्वेटर होता, फुलाफुलांचा स्कार्फ होता. मी ते एकेक काढून टेबलावर पसरले. हात आपोआप काम करत होते. डोक्यात तिडीक गेली होती. हिची हिंमत तरी बघा, असं मनात चाललं होतं, आणि तोंडानं मी कामाचाच प्रश्न विचारला.

"हातचं काय चांगलं व्हायचं?"

"पुडिंग," ती म्हणाली. "शिळ्या पावाचं."

मी स्वेटरची घडी घालत होते ती तशीच राहिली.

"शिळा पाव हातानं तोडायचा, सुरीनं नाही," ती म्हणाली. प्रिस्क्रिप्शन वाचून दाखवावं तसं सांगत होती. "कोमट दुधात भिजत घालायचा. अंडी, संत्र्याची साल किसून. डब्याच्या तळाशी साखर जाळून घालायची. आणि पाव भिजत असताना वर ताटली ठेवायची, आणि ताटलीवर इस्त्री."

"इस्त्री," मी म्हटलं.

"जुनी लोखंडी. थंडच. पाव वर तरंगून येतो ना, म्हणून. आई दुसरं काही ठेवायचीच नाही."

आता मला सांगा, जगातल्या कुठल्या टायपिस्टला पुडिंगवर इस्त्री ठेवायचं सुचेल? ज्या बाईच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच शिवणकाम चालतं, भांडं हातापासून लांब आणि इस्त्री कोपराशी असते, तिलाच ते सुचतं. ते मला सुचलं होतं. पाव तरंगायला लागला, जड काही सापडेना, तेव्हा मी बाहुल्यांचे कपडे दाबायची भरीव इस्त्री उचलून ताटलीवर ठेवली होती. मुलगी ओट्याखाली बसून चिंध्यांशी खेळत होती. मी तिला तेव्हा ठकी म्हणायचे. तिनं विचारलं, पुडिंगला सुरकुत्या पडतात का? मी हसून हसून बेजार झाले होते. त्यानंतर एकदा एका बाहुलीचा डोळा तिरका बसला म्हणून मी उसवत बसले आणि इकडे साखर करपली. घरात दुसरी साखर नव्हती. तसंच घातलं. कडू झालंय, खाऊ नको, म्हटलं, तर पोरीनं डबा चाटून पुसून संपवला. परत कडूच कर, म्हणाली. तेव्हापासून मी साखर धूर निघेपर्यंत करपवायची. माझं पुडिंग ते हेच.

आणि घर सोडताना ती इस्त्री तिकडेच राहिली होती. मला एका ट्रंकेत मावेल तेवढंच उचलायला मिळालं होतं.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, बाई गं, ती इस्त्री माझी, ते पुडिंग माझं, तू माझी, आणि आता ती मेली तर तिची बाहुलीही मीच करून देऊ? पण मी मूग गिळून बसले. कारण एक विचार डोक्यात आला आणि तो निघेना. कापसाला माझ्या पुडिंगचा वास लागेल. ती पिशवी नाकाशी धरेल. आणि तिला कळेल की हे कुणाचं होतं. तिनं मला आई म्हणावं एवढी मोठी उडी मी मारली नव्हती. नुसतं एकदा तिला कळावं, एवढंच मला हवं होतं.

"ठेव," मी म्हटलं. "झालं की कळवते."

साखर किती जाळायची ते मी विचारलं नाही. चमचा लाकडी की स्टीलचा, यावरून लोकांना भंडावून सोडणारी बाई मी, आणि एवढं विचारलं नाही. मला विचारायची गरजच काय होती.

बाहुली करायला घेतली आणि पहिल्या दिवसापासून आमचं जमेना. माझं आणि नवीचं. कोट उसवायला बसले तर खालची शिवण सुटलेली, आणि ती तिनं स्टेपलरनं टाचलेली. एका ओळीत, अगदी सरळ, ऑफिसातल्या कागदांना मारतात तशा पिना. बटण दोऱ्याऐवजी बारीक तारेनं बांधलेलं. मी एकटीच बसून हसले. म्हटलं, बाई, तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि माझ्या मुलीचे फ्रॉक कोण शिवत होतं? मग आठवलं, विकतचे असतील. पगार होता तिला.

चेहरा मला फोटोशिवाय येत होता. कमी वेळा पाहिलेला, पण विसरता न आलेला. दार उघडायला नेहमी तीच यायची आणि बाजूला सरकून मला आत वाट द्यायची. चहा विचारायची. मी कधी घेतला नाही. भुवया सहज झाल्या, डोळे झाले, नाकही ठीक. तोंड मात्र होईना. टाका घातला की ओठ कडवट दिसायचे. उसवायचे, परत घालायचे, परत तेच. सिस्टर वरून बशी घेऊन आली होती, काही खायला आहे का बघायला. ती मागं उभी राहून बघत होती.

"ही बाई तुझ्यावर चिडलीय का तू तिच्यावर?" तिनं विचारलं.

"तू तुझं बघ."

"मी माझंच बघतेय. आज शेगडीवर काही नाही." मग जरा थांबून म्हणाली, "कोण आहे गं ही?"

मी सांगितलं. सिस्टरला सगळं ठाऊक होतंच, फक्त ही तीच हे ठाऊक नव्हतं. ती बशी मांडीवर घेऊन बसली. आयुष्यभर लोकांचे ताप मोजलेली बाई, तिच्या चेहऱ्यावर सहसा काही हलत नाही.

"तू हे काम दुसऱ्या कुणाला तरी दे," ती म्हणाली. "स्वतःच्या माणसाला आम्ही इंजेक्शनसुद्धा देत नाही."

"ही माझं माणूस नाही."

"मुलगी आहे ना."

मी सुईत नवा दोरा ओवला. शेवटी ओठ नुसत्या एका सरळ टाक्यानं केले, ना हसरे ना रुसलेले. आणि मेलं तेच बरोबर दिसलं.

मग पुडिंग केलं. पाव दोन दिवस उघड्यावर ठेवून वाळवला होता. हातानं तोडला, दुधात घातला, ताटली ठेवली. माझ्याकडे आता विजेची हलकी इस्त्री आहे, तिचं वजन कशाला पुरणार. खलबत्ता ठेवला. संत्र्याची साल किसताना बोटांना जो वास लागला त्यानं मला ओट्याखाली बसलेली पोरगी दिसायला लागली, आणि मी खिडकी उघडून जरा उभी राहिले. मग साखर जाळली. आधी सोनेरी झाली, मग तांबूस, मग काळपट, आणि कडेनं धूर निघाला तेव्हा मी डबा उतरवला. एक क्षण जास्त झाला तर विष होतं, एक क्षण कमी झाला तर नुसतं गोड. तो क्षण माझ्या हाताला अजून येत होता. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरला खाली हाक मारली.

सिस्टरनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "कडू आहे," ती म्हणाली. "पण थांबवत नाही. हे मी फोनवर टाकू?"

"नाही," मी म्हटलं. "हे माझं आहे."

कापूस टांगला, वाळवला, परत टांगला. असा वास बसला की खोलीत शिरताना माझंच काळीज हलायचं. मग मुलीला फोन केला. ती दुकानातूनच आली, पांढरा कोट अंगात तसाच होता. बाहुली मी टेबलावर तिच्याकडे तोंड करून बसवली होती, गुडघ्यांवर हात, गळ्यात स्कार्फ. तिनं पाहिलं आणि एक हात तोंडावर ठेवला. मग तिनं बाहुलीच्या ओठांवरून बोट फिरवलं. "अशीच बसायची," ती म्हणाली. "तुला कसं माहीत?"

"दारात उभी असायची तेव्हा असंच तोंड असायचं."

ती रडत होती, आवाज न करता. मी पिशवी हुकावरून काढली. पिशवी तिच्या नाकाशी धरली. तिनं डोळे मिटून श्वास घेतला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता, मी म्हणत होते, आता.

तिनं डोळे उघडले. "नाही," ती म्हणाली. "हा तिचा वास नाही."

"नीट घे."

तिनं परत घेतला, भली मुलगी आहे. "नाही गं. हे करपलंय. आईचं असं नव्हतं. तिची साखर मधासारखी असायची."

"तूच म्हणालीस साखर जाळायची."

"जाळायची म्हणजे अशी नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." ती शांतपणे म्हणाली, गिऱ्हाइकाला समजावतात तशी. "चिडू नको. कुणालाही होईल असं."

कुणालाही. सबंध आयुष्यात जे एक पुडिंग माझं म्हणून होतं, ते तिच्या नाकाशी धरलं आणि तिला ते कुणाचंही वाटलं. मी पिशवी तिच्या नाकापासून मागे ओढली. म्हटलं, "मग तूच येऊन कर. मला नाही येत तुझ्या आईसारखं."

मला वाटलं होतं ती उठून जाईल. ती म्हणाली, "बरं. सुट्टीच्या दिवशी येते."

ती गेल्यावर मी उरलेलं पुडिंग डब्यासकट कचऱ्यात टाकलं. सिस्टर बशी घेऊन आली ती रिकामी बशी घेऊनच परत गेली.

सुट्टीच्या दिवशी ती सकाळी आली. सामान स्वतःच घेऊन आली होती. पाव, दूध, अंडी, दोन संत्री, आणि वेगळ्या पिशवीत काहीतरी जड. पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा दण्णकन आवाज झाला. तिनं आतून इस्त्री काढली.

मी खुर्चीत बसले.

माझी इस्त्री. टोकाला थोडी घासलेली, मूठ काळ्या कापडात गुंडाळलेली. मूठ लोखंडाची म्हणून तापली की हात भाजायचा, त्यासाठी मी एका जुन्या कोटाची पट्टी गुंडाळून शिवली होती, बाहुलीची पाठ शिवतात तशी, दोन्ही कडा आत दुमडून, टाका बाहेर दिसणार नाही अशी. इतक्या वर्षांत कापड झिजून चकाकायला लागलं होतं. एका टोकाशी सुटत आलं होतं. पण टाके माझेच होते. स्टेपलरच्या पिना नव्हत्या.

मुलीनं पाव तोडायला घेतला. मी बघत बसले. ती पाव आधी मधोमध फाडते आणि मग कडेपासून आत येते, हे मी करते तसं. दूध बोटानं बघते, करंगळीनं, हेही. मी मनात म्हणत होते, बघ, बघ स्वतःचे हात. तिनं ताटली ठेवली, ताटलीवर इस्त्री ठेवली, आणि संत्री किसायला घेतली. स्वयंपाकघरात तो वास आला. माझी मुलगी माझ्या ओट्याशी उभी होती, हेच तर मी इतकी वर्षं मागत होते, आणि ती मला माझंच पुडिंग दुसऱ्या बाईच्या पद्धतीनं शिकवत होती. साखर तांबूस होताच तिनं डबा उतरवला.

"हे बघ, इथंच थांबायचं," ती म्हणाली. "या रंगाला."

मग माझ्यानं राहवेना. "ती इस्त्री माझी आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिनं मान वरही केली नाही. डबा तिरका करून पाक तळाला पसरवत होती.

"काय माहीत आहे?"

"इस्त्री तुझी आहे. पुडिंगही तुझंच." मग तिनं डबा खाली ठेवला आणि फडक्याला नाही तर स्वतःच्याच बाहीला हात पुसले, मी पुसते तसे. "ऐक ना. तू रविवारी येणार असायचीस. मी सकाळपासून कपडे घालून खिडकीत बसायचे. तू आली नाहीस की मी जेवायची नाही. आईला काही सुचेना. तिनं विचारलं, तुझी आई तुला काय करून द्यायची. मी सांगितलं सगळं, इस्त्रीसकट. तिनं माळ्यावरून इस्त्री शोधून काढली. साखर करपवायची मात्र तिला हिंमत झाली नाही. करपलेलं लेकराला कसं घालायचं, म्हणायची."

"आणि तू खाल्लंस."

"पहिल्यांदा नाही खाल्लं. म्हटलं, असं नसतं, कडू असतं. मग सवय झाली." ती डब्यात पाव भरायला लागली. "दर वेळी पुढ्यात ठेवताना म्हणायची, हे तुझ्या आईचं पुडिंग आहे हं. अगदी शेवटपर्यंत. मी मोठी झाले तरी."

बाजार होता, म्हणणार होते. तुझ्या बापानं मुद्दाम रविवार दिला, म्हणणार होते. सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे, कुणीही येऊन विचारावं. पण त्या बाईनं माझं चोरलं, हे एक मी इतकी वर्षं उराशी धरून बसले होते, रात्री कूस बदलताना तेच हाताशी असायचं. आता तेही राहिलं नाही. तिनं काही चोरलं नव्हतं. मी ज्या रविवारी गेले नाही त्या रविवारी ती माझं नाव घेऊन माझ्या मुलीला भरवत होती.

"मग त्या दिवशी," मी म्हटलं, "वास घेतलास तेव्हा तुला कळलं होतं, ते माझं आहे ते."

"लगेच," ती म्हणाली. "पण बाहुली तिची आहे ना."

पुडिंग शिजायला ठेवलं. ताजा कापूस मीच पिशवीत भरला, मीच हुकाला टांगला. आम्ही दोघी बसलो. तिनं फळीवरच्या बाहुल्यांची माहिती विचारली, मी न्हाव्याचं सांगितलं, त्याचं मासे तळणं सांगितलं, तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि करून बघीन म्हणाली. कापूस वाळवून दुसरी खेप केली, दिवस त्यातच गेला. शेवटी मी पिशवी तिच्या नाकाशी धरली. या वेळी तिनं हो म्हणून मान हलवली आणि पिशवी सोडेचना.

मी बाहुली पालथी घेतली. कापूस थोडा थोडा काडीनं आत सारला, आधी खांद्यांत, मग पोटात, कुठं गाठ राहू नये असा. मधाचा वास होता, संत्र्याचा होता. करपल्याचा कुठंच नव्हता. मग कडा आत दुमडून पाठ शिवली. मी आजवर शिवलेल्या पाठींमध्ये तितकी साफ एकही झाली नसेल. बाहुली तिच्या हातात दिली तेव्हा तिनं ती छातीशी धरली आणि डोळे मिटून उभी राहिली, लहान मुलं उभी राहतात तशी. मी बघितलं नाही. दोऱ्याची रिळं डब्यात भरत बसले.

ती निघाली तेव्हा मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, "रविवारी येशील? मी आता बाजारात बसत नाही. तुला करून देईन. आपलं. करपवून."

ती दारात थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "रविवारी नाही जमत," ती म्हणाली. "रविवारी मी बाबांकडे असते. आई गेल्यापासून ते नीट खात नाहीत, त्यांना पुडिंग करून देते. रविवार सोडून कुठलाही वार बघू."

"बघू," मी म्हटलं.

मग ती परत आत आली आणि ओट्यावरची इस्त्री उचलली. "ऐक ना, ही नेऊ का? तिकडे लागेल."

इस्त्री तिच्या हातात होती आणि मुठीचं सुटलेलं कापड खाली लोंबत होतं. मी म्हटलं, "थांब, दोन टाके घालून देते." सुई हाताशीच होती. कडा आत दुमडली, टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि इस्त्री तिच्या पिशवीत ठेवून दिली. जड आहे, जिन्यात जपून जा, असं सांगितलं, आणि ती हो म्हणाली.